बसमधलं हेल्मेट

"बाबा, तुम्ही बसमध्ये हेल्मेट घालून का बसता?"

हा प्रश्न माझा नाही, हे आधीच सांगून टाकते. तो चष्मिश आणि जिराफ या माझ्या दोन मैत्रिणींचा आहे. विचारायची पैज मात्र माझ्यावर लागली होती, आणि अटी कडक होत्या: जेवताना विचारायचं, आई-बाबा दोघंही समोर पाहिजेत, आवाज कापता कामा नये आणि मध्येच हसायचं नाही. पूर्वीची मी असते तर "मला काय वेड लागलंय?" म्हणून पळ काढला असता. पण गेल्या महिन्यात शाळेच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीचा ऐन वेळी घसा बसला, बाईंनी मला पुढे ढकललं आणि मी भरल्या सभागृहात माईक धरून बोलले. लोक हसले. मला नाही, माझ्या विनोदांना! तेव्हापासून मी कुणाच्या बापाला घाबरत नाही. स्वतःच्या तर नाहीच नाही.

तर बाबांचा घास हातातच राहिला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे, मग खुंटीवर लटकलेल्या पिवळ्या हेल्मेटकडे, जणू उत्तर तेच देणार होतं.

"कोण म्हणतं असं?"

"चष्मिश. तिने पाहिलं तुम्हाला. मामीबरोबर डोळे तपासायला चालली होती ती."

"डोळे तपासायला चालली होती ना? मग झालं तर!" बाबा म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खदाखदा हसले.

"हेल्मेटच्या मागे बेडूक होता."

बाबांचं हसू जागीच विझलं. तो बेडकाचा स्टिकर मी चिकटवलाय. हिरवा, डोळे वटारलेला, एक पाय अर्धा सोललेला.

"असेल कुणाचातरी तसलाच," ते पुटपुटले. "जगात बेडकांची काय कमी आहे?"

हे सगळं एकवेळ समजू शकते. मोठी माणसं सापडली की अशीच बोलतात. मला कळलं नाही ते आईचं. माझी आई म्हणजे चौकशी खिडकीचा चालताबोलता अवतार. मी शाळेतून पाच मिनिटं उशिरा आले तरी कुठे होतीस, कोण होतं, काय बोललात, मग पुढे काय झालं, असं सगळं वदवून घेते. तीच आई आता नवरा बसमध्ये हेल्मेट घालून बसतो हे ऐकून काय म्हणाली असेल?

"वाढू का अजून?"

बास. एवढंच. मी पैज जिंकले आणि डोकं गमावून बसले.

*

आमच्या घरात बस आणि मोटारसायकल हा विषय साधा नाही, म्हणून आधी तो सांगते.

माझी आई मेन स्टँडवर घोषणा करते. उंचावर काचेची केबिन आहे, तिथे माईकसमोर बसून ती कुठली बस कुठल्या फलाटावर लागली ते सांगते, आणि कुणी हरवलं की त्याचं नाव पुकारते. माझे बाबा नदीपलीकडच्या एका लॅबमध्ये दात बनवतात. कवळ्या, एकेकटे दात, पुढचे, दाढा, सगळे. आमच्या घरी फोटो पाहताना बाबा चेहरे बघत नाहीत, दात बघतात. "याचा वरचा उजवा मी केलेला," असं ते अशा थाटात सांगतात की समोरच्याने उठून टाळ्या वाजवाव्यात.

बाबा वर्षानुवर्षं बसने कामाला जायचे. दोन बस, मेन स्टँडवर बदलायची. मग सहा महिन्यांपूर्वी ते एक जुनी मोटारसायकल घेऊन दारात उभे राहिले. एवढी मोठी आणि एवढी आवाज करणारी की शेजारच्या आजोबांनी घाईघाईने खिडकी लावली.

"आता बसचं तोंड बघणार नाही!" बाबांनी जाहीर केलं. "ताटकळायला नको, कुणाची कोपरं खायला नकोत. मनात आलं की किक मारली आणि निघालो."

"माझ्या बसला नावं ठेवायची नाहीत," आई म्हणाली. तिला लागलं होतं. जसं काही सगळ्या बस तिने वाढवून मोठ्या केल्यात. "बघू किती दिवस टिकतो हा उत्साह."

"बघशीलच!" बाबा म्हणाले.

झालं. दोघंही बोलून बसले, आणि आमच्याकडे बोललेला शब्द कुणी मागे घेत नाही.

आता माझं. नदीपलीकडे एक शाळा आहे. तिथे खराखुरा रंगमंच आहे, दोरी ओढली की दोन्ही बाजूंनी सरकणारा पडदा आहे, आणि नाटक हा विषय म्हणून शिकवतात. मी परीक्षा दिली, मुलाखतीत दोन नकला केल्या आणि माझी निवड झाली! शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. बाबा हो म्हणाले. आई म्हणाली, "दोन बस बदलून? मेन स्टँडवर? एकटी? मुळीच नाही." तिचंही खरं होतं म्हणा. जिला दिवसभर रडवेल्या मुलांची नावं माईकवरून पुकारावी लागतात, तिला स्टँड म्हणजे मुलं गिळणारा राक्षस वाटणारच. शेवटी तडजोड अशी निघाली की कामाला जाताना बाबा मला मोटारसायकलवरून शाळेच्या दारात सोडतील. तरच.

म्हणजे मोटारसायकल होती तर शाळा होती. आणि आता चष्मिश सांगत होती की माझे बाबा मोटारसायकलवरून कामाला जातच नाहीत.

"नोकरी गेली असेल," जिराफ म्हणाली. ती नेहमी सगळ्यात वाईट तेच आधी बोलते. "घरी सांगता येत नाही म्हणून दिवसभर बसमधून फिरत असतील."

"हेल्मेट घालून?" मी विचारलं.

"ओळखू येऊ नये म्हणून."

"अगं, पण बसमध्ये हेल्मेट घातल्यावर माणूस जास्तच ओळखू येतो ना!" चष्मिश म्हणाली. "मीच ओळखलं की, आणि माझा नंबर वाढलाय."

या तिच्या बोलण्यात तथ्य होतं. मग नोकरी गेली नसेल तर? गाडी बिघडली असेल? मग रोज सकाळी ती दारातून धडधडत कशी निघते? डोक्याला काही लागलंय आणि ते झाकतात? मग घरी कसे उघड्या डोक्याने फिरतात? बरं, आई का बोलत नाही? तिला माहीत आहे की तिला ऐकू आलं नाही? एक दोरा ओढला की दुसरीकडे गाठ, असं चाललं होतं. रविवारी स्वेटर उसवायला बसावं आणि शेवटी आपणच त्यात अडकावं, तसं.

*

परीक्षा संपल्या होत्या, शाळेला सुट्टी होती. सकाळी "चष्मिशकडे जाते" म्हणून मी बाबांच्या आधीच निघाले आणि पाण्याच्या टाकीजवळच्या थांब्यावर पेपरच्या टपरीमागे उभी राहिले. चष्मिशने त्यांना बसमध्ये चढताना तिथेच पाहिलं होतं.

बाबा आले. आधी आवाज आला, मग बाबा आले. थांब्यापाशी न थांबता ते बाजूच्या गल्लीत वळले, इस्त्रीवाल्याच्या शेडमध्ये गाडी लावली, तिच्यावर कापड टाकलं, आणि लहान मुलाला पाळणाघरात सोडून निघताना थोपटतात तसं सीटवर थोपटलं. इस्त्रीवाल्याने मान वर न करता हात हलवला. म्हणजे हे रोजचंच होतं.

मग माझे बाबा, हेल्मेट तसंच डोक्यावर ठेवून, रांगेत येऊन उभे राहिले.

कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. मला वाटलं मीच वेडी आहे.

बस आली. ते पुढून चढले, मी जाकिटाची टोपी डोळ्यांवर ओढून मागून.

"या या, अंतराळवीर!" कंडक्टर ओरडला. "आज चंद्रावर उतरणार की मेन स्टँडला?"

"मेन स्टँड," बाबा हेल्मेटच्या आतून म्हणाले.

"हवा बरी आहे ना आत?"

"बाहेरच्यापेक्षा बरी."

सगळी बस हसली. एका आजींनी सरकून जागा दिली आणि काल तुम्ही दिसला नाहीत, आम्हाला काळजी वाटली, असंही म्हणाल्या. बाबांनी हेल्मेटची काच वर केली आणि आजींशी त्यांच्या दाढेबद्दल गप्पा मारायला लागले. आणि बोलता बोलता एक विचित्र गोष्ट करत होते: दोन्ही हात मांडीवर ठेवून बोटं उघडत होते, मिटत होते, उघडत होते, मिटत होते. जणू हात झोपलेत आणि ते त्यांना हळूच उठवतायत.

हे काय आता नवीन? हात का दुखतायत? का असं आहे की... पण मला पुढचं काहीच सुचेना. कोड्यात अजून एक कोडं, एवढंच.

मेन स्टँड आला. बाबांनी खाडकन काच खाली पाडली, मान खाली घातली आणि फलाटांच्या मधून झपाझप चालायला लागले. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. आईची केबिन! सगळ्या फलाटांच्या बरोबर मध्ये, वर, चारही बाजूंनी काच. आईने ओळखू नये म्हणून हेल्मेट! मांजर डोळे मिटून दूध पितं आणि त्याला वाटतं आपण कुणाला दिसत नाही, ते मी पुस्तकात वाचलं होतं. प्रत्यक्षात ते मांजर माझ्या वडिलांच्या रूपाने पाहिलं. अख्ख्या स्टँडवर हेल्मेट घातलेला एकच माणूस, तेही पिवळं, मागे बेडूक, आणि त्याला वाटत होतं आपण गर्दीत मिसळलोय.

तेवढ्यात वरून आईचा आवाज आला. घरी तो आवाज "टॉवेल उचल" असं म्हणतो, इथे अगदी मखमली असतो.

"नदीपुलावरून जाणारी बस फलाट सहावर उभी आहे. नदीपुलावरून जाणारी बस. फलाट सहा."

मग जराशी थांबून परत सगळं, शब्द न् शब्द. मी आल्यापासून तिने तीन-चार बस पुकारल्या होत्या, सगळ्या एकेकदा. हीच दोनदा का? मी मान वर करून पाहिलं. काचेमागे आई माईकशी बसली होती आणि थेट त्या पिवळ्या हेल्मेटकडे बघत होती. आणि, शपथ सांगते, ती तोंडावर हात ठेवून हसत होती.

म्हणजे आईला माहीत आहे! मग ती बोलत का नाही? बाबा आईपासून लपवतात, आई बाबांपासून लपवते की तिला कळलंय, आणि हे दोघं मला सांगतात की घरात कुणी कुणापासून काही लपवायचं नसतं. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. बस सुटेल या भीतीने मी तो भुगा तसाच घेऊन पळाले आणि फलाट सहावरून मागच्या दाराने चढले.

*

लॅब औषधांच्या दुकानाच्या वर आहे. मी लहानपणी एकदा गेले होते आणि रडले होते, कारण फळीवर ओळीने जबडे मांडलेले असतात. प्लास्टरचे, पांढरे, सगळे हसरे. या वेळी मी रडले नाही. मी आत्मविश्वासाने दार ढकललं. बाबा दिसेनात. समोर बसलेल्या मॅडमनी, म्हणजे लॅबच्या मालकीणबाईंनी, वर पाहिलं.

"कुणाचे दात हवेत?"

"बाबांचे. म्हणजे, दात नकोत, मला बाबाच हवेत."

मॅडमनी चष्मा खाली केला. "अगं, तू ती बेडूकवाली! ये, ये. बरं झालं आलीस. तूच समजाव त्यांना. मी सांगून थकले."

"काय समजावू?"

"तुझी नवी शाळा सुरू झाली की ते प्लास्टरच्या टेबलावर जाणार म्हणतात. कायमचे. पुढचे दात करणारा माझ्याकडे दुसरा कोण आहे सांग? साच्यांचं प्लास्टर काय, कुणीही कालवतं."

मला एका शब्दाचाही अर्थ लागला नाही. माझ्या शाळेचा आणि प्लास्टरचा काय संबंध? तेवढ्यात आतल्या खोलीतून बाबा आले. डोक्यावर हेल्मेट नाही, कपाळावर भिंग, बोटात मेण कोरायची बारीक सुरी. मला पाहून त्यांचं तोंड फळीवरच्या जबड्यासारखं उघडलं, फक्त हसरं नव्हतं.

"तू? इथे? कशी आलीस?"

"बसने. तुमच्या मागे. तुम्ही चंद्रावर नाही उतरलात."

मॅडमना अचानक खाली औषधं आणायची आठवण झाली आणि त्या गेल्या. बाबांनी मला त्यांच्या टेबलापाशी बसवलं. दिव्याखाली एका कवळीत मेणाचे चार दात उभे होते. एकदम सरळ नाही, एक दुसऱ्यावर किंचित चढलेला.

"हा वाकडा आहे," मी म्हणाले.

"मुद्दाम. बाईंचा तरुणपणीचा फोटो बघून केलाय. त्यांना त्यांचंच हसू परत हवंय, दुसऱ्याचं नको." बाबांनी सुरी खाली ठेवली. "सांगतो सगळं. तो मोटारसायकलच्या हँडलचा दांडा आहे ना, तो थरथरतो. जुनी गाडी. घरापासून इथपर्यंत चालवली की हातात मुंग्या भरतात त्या दुपारपर्यंत उतरत नाहीत. पहिल्या आठवड्यात मी एका सरांना कवळी करून दिली. पुढच्या दोन दातांत केसाएवढी फट राहिली. सर वर्गात 'शांत बसा' म्हणाले की शिट्टी वाजायची. पोरं एका तासात चौदा वेळा उभी राहिली म्हणे. त्यांना वाटायचं सुट्टी झाली!"

मी हसले. नंतर हसावं की नाही ते कळेना म्हणून थांबले.

"हातमोजे घालून पाहिले, दांड्याला रबर लावून पाहिलं. काही नाही. टाकीपर्यंत चालवली तर चालतं, तेवढ्या मुंग्या बसमध्ये उतरतात."

"मग घरी सांगायचं ना! आई हसली असती दोन दिवस. त्यात काय?"

"आधी मीही तेवढ्यासाठीच गप्प होतो. एवढी मिशीला पीळ देऊन बोललो होतो..." बाबांना मिशी नाही, पण त्यांनी तिथे हात फिरवला. "मग तुझी शाळा आली. आईने अट घातली. आता गाडी नाही म्हटलं तर शाळाही नाही. म्हणून म्हटलं, तोवर ढकलू. शाळा सुरू झाली की तुला रोज दारात सोडायचं आणि इथे येऊन प्लास्टरचं टेबल घ्यायचं. प्लास्टर कालवताना हात थरथरले तर उलट बरंच. बुडबुडे निघून जातात."

ते हसले. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. माझे बाबा प्लास्टर कालवणार? जे लोकांच्या फोटोत आपण केलेला दात सापडला की दिवसभर गुणगुणतात, ते? आणि ते कुणासाठी, तर मला पडदा ओढता यावा म्हणून? मला त्यांना मिठी मारायची होती. मला त्यांच्यावर ओरडायचंही होतं, की मला न विचारता माझ्यासाठी असं काही कसं ठरवता? आणि शाळा तर मला हवीच होती, अगदी जीव जाईस्तोवर हवी होती, याचीही लाज वाटत होती. हे सगळं एकाच वेळी. तीन बस एकाच फलाटावर येऊन उभ्या राहाव्यात तसं.

"आईला सांगू नकोस," बाबा म्हणाले.

"आईला तर..." मी म्हणाले आणि जीभ चावली. तिला माहीत आहे हे सांगायचं की नाही? कुणाचं गुपित मोठं? आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला चावणार? मी गप्प बसले. मी! गप्प!

"चल, तुला घरी सोडतो."

"कशावर? तुमची गाडी इस्त्रीवाल्याकडे झोपलीय."

बाबांनी मला बसमध्ये बसवून दिलं. तीन वेळा सांगितलं की मेन स्टँडला उतर, फलाट बघ, कुणाशी बोलू नकोस, आणि काही कळलं नाही तर कुणालाही विचार. बोलू नकोस आणि विचार. ठीक आहे.

*

बस निघाल्यावर मला एक गोष्ट सुचली आणि मी सीटवर सरळ होऊन बसले. सकाळी मी मेन स्टँडवर बस बदलली होती. एकटीने. त्या हेल्मेटच्या नादात भ्यायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पण आता लक्षात आलं, आणि तिथेच चुकलं. स्टँडवर उतरले तर सकाळसारखं समोर पिवळं काही नव्हतं. नुसते पाय, पिशव्या, ट्रॉल्या, धूर. मी दोनवर गेले, तिथून आठवर, आठवरून कुणीतरी तीनवर पाठवलं. तीनवरच्या बसवर भलतंच नाव. सकाळचा सगळा ताठा घामाबरोबर पाठीवरून खाली उतरला. मला वाटलं आता दहा मिनिटांत आई माईकवरून माझंच नाव पुकारणार: पांढरं जाकीट घातलेली, वय वर्षं चौदा, स्वतःला फार शहाणी समजणारी मुलगी सापडली आहे. पुकारणारी आणि सापडलेली, दोघी एकाच घरातल्या.

मी एका खांबाला टेकून उभी राहिले. आणि आवाज आला. मखमली.

"पाण्याच्या टाकीकडे जाणारी बस फलाट चारवर उभी आहे. पाण्याच्या टाकीकडे जाणारी बस. फलाट चार."

मी चारकडे चालायला लागले. आणि मागून परत तेच, शब्द न् शब्द.

दोनदा.

मी थबकून वर पाहिलं. आई काचेपाशी उभी होती. माईक एका हातात, दुसऱ्या हाताचा पंजा काचेवर सपाट टेकवलेला. या वेळी ती हसत नव्हती. तिने खाली यायला हवं होतं, मला दरादरा ओढून केबिनमध्ये बसवायला हवं होतं, माझी तासभर उलटतपासणी घ्यायला हवी होती. तिने यातलं काहीच केलं नाही. फक्त बघत राहिली, मी बसच्या पायरीवर पाय ठेवेपर्यंत. मी खिडकीत बसले आणि हात हलवला. तिचा हात काचेवरून हलला नाही.

हे मला तेव्हाही कळलं नाही आणि पूर्ण आजही कळलेलं नाही.

*

जेवायला बसलो. मला माहीत होतं, आईला माहीत होतं, बाबांना माहीत होतं की मला माहीत आहे, आणि खुंटीवरचा बेडूक डोळे वटारून सगळ्यांकडे बघत होता.

"आज कशी चालली गाडी?" आईने ताटात बघत विचारलं.

"झकास," बाबा म्हणाले. "पुलावर वारा लागतो अगदी."

"बसची खिडकी उघडी असेल तर लागतोच," आई म्हणाली.

बाबांचा घास पुन्हा हातातच राहिला. या घरात त्यांचं पोट कसं भरतं देव जाणे.

"तुला... कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून. अहो, स्टँडवर रोज एक माणूस हेल्मेट घालून या फलाटावरून त्या फलाटावर जातो! पोलीस दोनदा वर येऊन विचारून गेले, बाई, या इसमावर लक्ष ठेवू का म्हणून. मी म्हटलं, तुम्ही राहू द्या, मी ठेवलंय."

"मग बोलली का नाहीस?" हे मी आणि बाबा एकदमच म्हणालो.

"तुम्ही आपण होऊन सांगाल म्हणून." आई पाण्याचा पेला फिरवत राहिली. "आणि हेल्मेटमध्ये नीट ऐकू येत नाही, बस चुकेल, म्हणून तुमची बस दोनदा पुकारत होते. रोज. वरचे साहेब रागावले एकदा, एवढ्या लाडाची कोणती बस म्हणून."

बाबांनी नुसती बोटं उघडली आणि मिटली. मग मी आईला मुंग्यांचं सांगितलं, शिट्टीचं सांगितलं, प्लास्टरचं सांगितलं. प्लास्टरवर आईने बाबांकडे असं पाहिलं की ते खुर्चीत दोन इंच लहान झाले.

"म्हणजे आता शाळेचं ठरवायचं राहिलं," आई हळूच म्हणाली. "मी बोलले नाही त्याचं हेही कारण होतं. गाडीचं उघड झालं की हिच्या शाळेचं ठरवावं लागणार, आणि ते ठरवायची माझी हिंमत होत नव्हती. आज दुपारी ही खांबाला टेकून उभी होती ना, माझं बोट माईकच्या बटणावर अडलं होतं. तिचं नाव पुकारायचं की बस पुकारायची, मलाच कळत नव्हतं."

"तू बस पुकारलीस," मी म्हणाले.

"हो," आई म्हणाली. "का, ते विचारू नकोस."

मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले, जणू उत्तर खुंटीवर नसून माझ्याजवळ होतं. माझ्याजवळ कसलं उत्तर? माझ्या डोक्यात अजून गोंधळच होता. उद्या परत खांबाला टेकून उभी राहीन का? राहीनही. पण आईचा आवाज त्या स्टँडच्या कानाकोपऱ्यात पोहोचतो, आणि तो असताना तिथे हरवायचं म्हटलं तरी कसं जमणार?

मी उठून उभी राहिले. पैजेच्या वेळी ठरलं होतं तसंच: जेवताना, दोघांच्या समोर, आवाज न कापता, मध्ये न हसता.

"शनिवारी शाळेला हो कळवायचं. मी नदीपलीकडच्या शाळेत जाणार, आणि बसने जाणार. दोन्ही बस. मेन स्टँडवर स्वतः बदलून. आई, माझी बस एकदाच पुकारायची, दोनदा नाही. बरं, पहिला आठवडा दोनदा चालेल. आणि बाबा, प्लास्टर नाही म्हणजे नाही. सकाळी माझ्याबरोबर यायचं असेल तर खुशाल या, पण एक सांगून ठेवते, हेल्मेट घालून माझ्या शेजारी बसायचं नाही!"